पगारकपात किंवा विलीनीकरण: सही करण्याआधी विमान कर्मचाऱ्यांनी करायची कामं

विमान कंपनीत विलीनीकरण जाहीर झालं किंवा ‘तात्पुरती’ पगारकपात ठरली की पहिला कागद बहुधा ईमेलनं येतो. नवा करार, खाली ‘मान्य आहे’चं बटण आणि मोजक्या दिवसांची मुदत. २०२४ च्या सुरुवातीला एअर इंडियात विलीन होऊ घातलेल्या ‘विस्तारा’ या विमान कंपनीच्या वैमानिकांपुढे असाच करार आला. महिन्याला ७० तासांच्या पगाराची हमी होती, ती ४० तासांवर आणली होती. एप्रिलमध्ये वैमानिकांअभावी उड्डाणं रद्द होऊ लागली आणि कंपनीला रोजची २५-३० उड्डाणं कमी करावी लागली. लोक चिडले ते रास्तच होतं. पण चिडून झाल्यावरही करार समोर असतोच, म्हणून पहिल्याच दिवशी हिशेबाला बसा.

मागच्या १२ महिन्यांच्या पगारपावत्या आणि लॉगबुक काढा आणि प्रत्येक महिन्यात प्रत्यक्ष किती तास उडालात ते लिहा. समजा तासाचा दर ५,००० रुपये आहे. ७० वरून ४० म्हणजे ३० तास, म्हणजे महिन्याचे दीड लाख रुपये हमीतून निघून रोस्टरवर, म्हणजे कंपनी लावेल त्या उड्डाणांच्या वेळापत्रकावर, गेले. दर महिन्याला ७५ तास मिळत असतील तर आज एक रुपयाही कमी होत नाही, आणि वरिष्ठ अधिकारी बैठकीत नेमकं हेच सांगतात. फटका बसतो तो प्रशिक्षणाच्या महिन्यात, मेडिकलवर जमिनीवर असताना, आणि दोन कंपन्यांचे सारखे मार्ग एकत्र करून उड्डाणं कमी केली तर. त्यामुळे घरकर्जाचा हप्ता झेपतो की नाही हे ४० तासांच्या पगारावर तपासा, सरासरीवर नको.

केबिन क्रू आणि ग्राउंड स्टाफनं आधी कपात मूळ पगारातून आहे की भत्त्यांतून, ते पाहावं. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते: पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. ६०,००० पगार आणि २० वर्षं सेवा असेल तर सुमारे ६ लाख ९२ हजार होतात. २५ टक्के कपातीनं पगार ४५,००० झाला आणि त्याच काळात तुम्ही निवृत्त झालात, तर ५ लाख १९ हजार. सहा महिन्यांची कपात अख्ख्या सेवेवर १ लाख ७३ हजारांचा खड्डा पाडून जाते. म्हणून कपात टळतच नसेल तर ‘ग्रॅच्युइटी आणि पीएफ कपातीआधीच्या पगारावर धरले जातील’ हे वाक्य करारात घालून घ्या. नव्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, त्यामुळे भत्त्यांतली कपातही निर्धोक समजू नका.

शब्दांकडे नीट पाहा. ‘कपात’ म्हणजे पैसे गेले. ‘स्थगित’ म्हणजे कंपनी तुमचं देणं लागते. ‘बिनपगारी रजा’ लावली तर पीएफचाही भरणा कमी होतो. बैठकीत स्थगित म्हणायचं आणि पत्रात कपात लिहायची, असं घडू शकतं. स्थगित असेल तर दर महिन्याच्या पगारपावतीवर ती रक्कम ‘देय’ म्हणून स्वतंत्र ओळीत आली पाहिजे. कंपनी पुढे बुडाली तर ती ओळच तुमचा दावा असते.

अटी कोणत्या मागायच्या

पगारात सवलत देणं म्हणजे कंपनीला बिनव्याजी कर्ज देणं आहे, आणि मुदतीशिवाय कर्ज कोणी देत नाही. शेवटची तारीख लिहून घ्या. त्या तारखेला जुना पगार आपोआप सुरू झाला पाहिजे. ‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार’ हे शब्द असतील तर ती तारीख शोभेची आहे. लवकर परतफेडीची अट मोजता येणाऱ्या आकड्याला बांधा, उदाहरणार्थ सलग दोन तिमाहींचा परिचालन नफा. ‘परिस्थिती सुधारल्यावर’ याला काहीच अर्थ नाही, कारण ती सुधारली की नाही हे व्यवस्थापनच ठरवणार.

सगळ्यात महत्त्वाची अट वरच्या मजल्याची. २०२० मध्ये इंडिगोनं कपात केली तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी स्वतःची २५ टक्के जाहीर केली, वैमानिकांची १५ आणि केबिन क्रूची १० टक्के होती, आणि सर्वांत खालच्या श्रेणी वगळल्या. नोकऱ्या त्यानंतरही गेल्या, पण निदान उतरंड योग्य दिशेची होती. याच्या उलट, एप्रिल २००३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी दिवाळखोरी टाळण्यासाठी वर्षाला दीड अब्ज डॉलर्सहून अधिक सवलती मतदानानं मान्य केल्या. मतदान आटोपलं आणि मग वार्षिक अहवालातून बाहेर आलं की वरिष्ठ अधिकाऱ्यांना टिकून राहण्याचे बोनस ठरले होते आणि त्यांच्या पेन्शनसाठी वेगळा संरक्षित निधी ठेवला होता. मुख्याधिकारी डोनाल्ड कार्टी यांना त्याच महिन्यात जावं लागलं. ज्यांनी लोडरच्या पगाराला हात घातला त्यांनी स्वतःची पेन्शन आधी कुलपात ठेवली होती. हा उघड अन्याय आहे आणि बैठकीत तो याच शब्दांत मांडावा.

म्हणून मतदानाआधी कागद मागा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवालात प्रत्येक संचालकाचा मोबदला, त्यातली वाढ आणि मध्यम कर्मचारी पगाराशी त्याचं गुणोत्तर द्यावंच लागतं. नोंदलेली नसेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून तिचे ताळेबंद पाहता येतात. संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप जरूर वाचा. मग करारात लिहून घ्या: कपात चालू असेपर्यंत संचालक आणि वरिष्ठांना बोनस, पगारवाढ किंवा टिकाव-भत्ता नाही.

पगाराऐवजी शेअर देऊ केले तर सावध राहा. युनायटेड एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी १९९४ मध्ये सवलतींच्या बदल्यात कंपनीचा ५५ टक्के हिस्सा घेतला. डिसेंबर २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ते शेअर मातीमोल झाले. नोकरी आणि बचत दोन्ही एकाच कंपनीत अडकली होती.

ज्येष्ठतेची यादी

विलीनीकरणात पगारापेक्षाही दूरवर पोचणारी गोष्ट म्हणजे ज्येष्ठता. कमांड (कॅप्टनपद), मोठं विमान, बेस (नेमणुकीचं शहर), रजा, सगळं त्या यादीवर चालतं. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, पण वेतन आणि ज्येष्ठता जुळवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल यायला २०१२ उजाडलं. त्याच वर्षी ड्रीमलायनर या नव्या बोइंग विमानाचं प्रशिक्षण कोणाला, यावरून एअर इंडियाच्या वैमानिकांचा ५८ दिवसांचा संप झाला.

यादी करण्याच्या मुख्य पद्धती दोन. रुजू तारखेनुसार, किंवा प्रमाणानुसार: एका कंपनीचे ६०० आणि दुसरीचे ३०० वैमानिक असतील तर दोनामागे एक. रुजू तारीख जुन्या कंपनीच्या लोकांना फायद्याची, प्रमाण नव्या आणि वेगानं वाढलेल्या कंपनीच्या लोकांना. विलीन झालेल्या यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या अमेरिकी कंपन्यांच्या वादात २००७ मध्ये लवादानं बहुतांश प्रमाण धरलं आणि कामावरून तात्पुरते कमी केलेल्या वैमानिकांना तळाशी टाकलं. यूएस एअरवेजचे वैमानिक इतके भडकले की पुढच्या वर्षी जुनी युनियन घालवून त्यांनी नवी आणली. वाद त्यानंतरही वर्षानुवर्षं कोर्टात राहिला.

यातून घ्यायचं ते हे: पद्धत विलीनीकरणाच्या तारखेआधी ठरून जाहीर व्हावी, आक्षेपासाठी ३० दिवस मिळावेत आणि लवाद कोण हे आधीच मान्य असावं. काही वर्षांसाठी कुंपणही मागता येतं, म्हणजे ठरावीक बेस किंवा विमानप्रकारावरची कमांड मूळ गटासाठीच राखीव. स्वतःपुरते चार कागद आजच काढा: रुजू पत्र, कायम झाल्याचं पत्र, लाइन रिलीजची (प्रशिक्षण संपून नियमित उड्डाणांना मोकळीक मिळाल्याची) तारीख आणि कमांड मिळाल्याची तारीख.

कंपनी कायद्याच्या कलम २३० ते २३२ खालच्या विलीनीकरण योजनेत कर्मचाऱ्यांवर एक परिच्छेद असतो: सेवेत खंड नाही, अटी पूर्वीपेक्षा कमी अनुकूल नाहीत. तो युनियननं मिळवून वाचावा. शिल्लक रजा, पीएफ ट्रस्ट, स्टाफ तिकिटं, निवृत्तीनंतरचं वैद्यकीय संरक्षण आणि कंपनीचं घर यांची वेगळी यादी जोडून लेखी उत्तर मागावं. एअर इंडियाच्या खासगीकरणानंतर मुंबईतल्या कलिनाच्या वसाहतीतल्या कुटुंबांना घरं रिकामी करावी लागली. नोकरी चालू राहिली म्हणून घरही राहतं असं नाही.

दाद कुठे मागायची

नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार ‘कामगार’ ठरणाऱ्यांच्या वेतन-भत्त्यांत त्यांचं नुकसान करणारा बदल २१ दिवसांच्या नोटिशीशिवाय करता येत नाही. व्यवस्थापकीय कामावरचे लोक आणि १८,००० रुपयांहून अधिक पगाराचे पर्यवेक्षक या व्याख्येबाहेर राहतात. तुमचं पदनाम ‘मॅनेजर’ असलं तरी प्रत्यक्ष काम काय करता ते महत्त्वाचं, म्हणून ड्युटी चार्ट जपून ठेवा.

तक्रार राज्याच्या कामगार आयुक्तांकडे नेऊ नका. हवाई वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते, तेव्हा केंद्रीय प्रादेशिक कामगार आयुक्तांकडे जा. बदल लागू होण्याआधी समेटाची कारवाई सुरू झाली तर ती चालू असताना वादातल्या अटी कामगारांच्या तोट्याच्या दिशेनं बदलायला कायदा मनाई करतो. त्यामुळे अर्ज २१ दिवसांच्या आत, शक्यतो पहिल्याच आठवड्यात टाका.

सगळ्यांनी एकदम आजारी पडण्याचा मार्ग मोहात पाडतो. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूनं तो घेतला. सुमारे २५ जणांना बडतर्फीची पत्रं गेली आणि मुख्य कामगार आयुक्तांपुढे समेट झाला तेव्हाच ती मागे घेतली गेली. आता निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली किरकोळ रजाही कायद्यानं संपच आहे, आणि संपाला किमान १४ दिवसांची नोटीस लागते.

पीएफचं पासबुक दर महिन्याच्या १५ तारखेनंतर बघत जा. पगार वेळेवर येतोय पण पीएफ भरला जात नाही, हे फार वाईट लक्षण आहे. कंपनी दिवाळखोरीत गेलीच तर जाहीर नोटिशीतल्या मुदतीत नमुना ‘डी’ भरून दावा दाखल करा. युनियनतर्फे एकत्र करायचा असेल तर नमुना ‘ई’. अवसायनात, म्हणजे कंपनी मोडून तिची मालमत्ता विकताना, कामगारांची मागच्या २४ महिन्यांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीनं येते, इतर कर्मचाऱ्यांची फक्त १२ महिन्यांची आणि त्यानंतरच्या क्रमानं. पीएफ आणि ग्रॅच्युइटी निधीतली रक्कम या वाटपाबाहेर असते, म्हणून तिचा दावा वेगळ्या ओळीत लिहा, थकीत पगारात मिसळू नका. कंपनीचा ईमेल कधी बंद होईल याचा भरवसा नसतो. स्वतःच्या पगारपावत्या, फॉर्म १६, रजेचा तक्ता आणि स्थगितीची पत्रं आधीच उतरवून घरी छापून ठेवा.