मदत करायचीच तर तोटीचं पिंप द्या

घरकामाला येणाऱ्या मावशींना पाण्यासाठी काही द्यावंसं वाटलं, तर आरओ मशीन घेऊ नका. त्याला वीज लागते, फिल्टर बदलावे लागतात आणि बरंच पाणी वाया जातं. पुण्यातल्या जनता वसाहतीसारख्या चढावरच्या वस्तीत ते परवडणार कसं? त्यापेक्षा झाकणाचं, तोटी असलेलं स्टीलचं पिंप द्या. नळाला चांगलं पाणी आलं तरी घरात ते बिघडतं, कारण हंड्यात तांब्या बुडतो आणि तांब्याबरोबर बोटंही बुडतात. लहान मुलांच्या घरी तर दिवसातून कितीदा! तोटी असली की हात आत जातच नाही. पिंप दर दोन-तीन दिवसांनी घासून घ्यायला मात्र सांगा.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाते त्या आजाराची) साथ आली, तेव्हा सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं. उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळू द्यायचं, झाकूनच गार करायचं. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर आधी चारपदरी सुती फडक्यातून गाळायचं.

रोज उकळण्याइतका गॅस नसेल, तर क्लोरीनचे थेंब. बाटलीवर लिहिलंय तेवढेच घालायचे आणि अर्धा तास थांबायचं. मुलांना वास आवडत नाही, पण पाणी थोडा वेळ उघडं ठेवलं की तो कमी होतो. आशाताईंकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी तुम्हीच करून द्या. मावशींचा कामाचा दिवस बुडायला नको.