घरातली कुरबुर कमी करायला स्वभावाची चाचणी कशी वापरावी

चार अक्षरांत स्वभाव सांगणारी एमबीटीआय चाचणी अनेकांनी फोनवर कधीतरी केलेली असते. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये मांडलेल्या कल्पनांच्या आधारे कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी ती तयार केली. गप्पांना ती झकास आहे. पण ती माणसाला एकतर अंतर्मुख ठरवते नाहीतर बहिर्मुख, आणि बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. म्हणून महिन्याभराने पुन्हा दिली की पुष्कळांचं एखादं अक्षर बदललेलं असतं. घरात वापरायला ‘बिग फाइव्ह’ ही पाच गुणांची मोजपट्टी जास्त बरी. ती शिक्का मारत नाही, कोणता गुण किती आहे ते सांगते.

आधी एकच कटकट निवडा. ‘आमचं पटत नाही’ हा विषय होत नाही. ‘पाहुणे आले की सूनबाई खोलीत जाऊन बसते’ हा होतो.

मग चाचणी. मानसशास्त्रज्ञ सॅम गॉसलिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली, ‘बिग फाइव्ह’चे पाच गुण मोजणारी दहा वाक्यांची ‘टिपी’ ही छोटी चाचणी घरगुती कामाला पुरते. प्रत्येक गुणासाठी तिच्यात एक सुलटं आणि एक उलटं अशी दोन वर्णनं आहेत. बहिर्मुखता: उत्साही, माणसांत रमणारा / अबोल, राखून वागणारा. सौहार्द: प्रेमळ, समजून घेणारा / टीका करणारा, भांडखोर. शिस्त: भरवशाचा, नेटका / अव्यवस्थित, निष्काळजी. स्थिरता: शांत / चिंता करणारा, पटकन बिनसणारा. नव्याची ओढ: नवं करून बघणारा / रुळलेली वाट न सोडणारा. ‘मी असा आहे’ हे अजिबात पटत नसेल तर १, पूर्ण पटत असेल तर ७. उलट्या वर्णनाला दिलेला आकडा ८ मधून वजा करायचा आणि दोन्हींची सरासरी काढायची. समजा, ‘उत्साही’ला ३ दिले आणि ‘अबोल’ला ६. आठातून सहा गेले, उरले २. तीन आणि दोनची सरासरी अडीच.

प्रत्येकाने दोन कागद भरायचे, एक स्वतःसाठी आणि दुसरा ज्याच्याशी खटका उडतो त्याच्यासाठी. वेगवेगळ्या खोलीत बसून भरा. शेजारी बसलं की लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघून आकडे टाकतात. भांडणाच्या दिवशी तर नकोच. आणि आपण कसे असायला हवं ते लिहू नका, गेल्या वर्षभरात कसे वागलो ते लिहा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘नेटका’ला स्वतः ७ देणाऱ्याला बायकोच्या कागदावर ३ मिळालेले दिसतात.

फक्त दहा वाक्यं असल्यामुळे ही चाचणी ढोबळ आहे. साडेचार आणि पाच यांच्यात फरक धरू नका. दोघांच्या आकड्यांत, किंवा स्वतःच्या आणि दुसऱ्याने दिलेल्या आकड्यात, दोन किंवा जास्त अंकांचं अंतर असेल तिथेच थांबा आणि विचारा, ‘तुला हे कुठे दिसलं?’ उत्तर प्रसंगात हवं. ‘तू नेहमीच’ने वाक्य सुरू झालं की कागद मिटून ठेवा.

आता ती सूनबाई. तिचे बहिर्मुखतेत अडीच, सासूबाईंचे साडेसहा. गणपतीत घरात पंधरा माणसं असली की सासूबाईंना चेव येतो, सून दुपारपर्यंत थकून जाते. सासूबाईंना तो माणूसघाणेपणा वाटतो, सुनेला वाटतं आपल्याला श्वास घ्यायलाही सवड नाही. यावर तोडगा असा: आरती आणि जेवणं सगळ्यांबरोबर, दुपारी दोन ते चार सुनेची खोली बंद, आणि जाताना ‘आई, मी जरा पडते, चहाला येते’ एवढं सांगून जायचं. विचारलंच कुणी तर पाहुण्यांना उत्तर सासूबाई देतील. हा शेवटचा भाग विसरला तर बाकीची व्यवस्था टिकत नाही, कारण नावं ठेवणारे बहुधा बाहेरचेच असतात.

ठरवलेली गोष्ट तीन आठवडे करून बघा. जमली नाही तर व्यवस्था बदला, चाचणी पुन्हा देत बसू नका.

‘मी अंतर्मुख आहे, फोन करणं मला जमत नाही’ ही सबब चालवून घेऊ नका. स्वभावामुळे एखादं काम जड जातं, पण त्यातून सुटका होत नाही. लहान मुलांचे आकडे काढूच नका. त्यांचा स्वभाव अजून घडत असतो आणि घरात चिकटलेलं नाव पुढे शाळेतही जातं. लग्न जुळवतानाही हे कागद लांब ठेवा, छत्तीस गुणांची एक यादी पुरेशी आहे.

शांत असलेले आजोबा दोन-तीन महिन्यांत एकदम चिडचिडे किंवा संशयी झाले, तर त्यावर कागद भरत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. नैराश्य, थायरॉइड किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशीही दिसू शकते. आणि घरात मारहाण किंवा धाकदपटशा असेल, तर स्वभावाची चर्चा करूच नये. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे.