मूल बेसबॉल खेळतंय? आधी ‘काउंट’ शिका

अमेरिकेत मुलाचं नाव लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत, घातलं की क्रिकेट कोळून प्यायलेल्या आई-बाबांचीच जास्त पंचाईत होते. शब्द ओळखीचे असतात, अर्थ भलतेच. ‘पिच’ म्हणजे खेळपट्टी नव्हे, पिचरने (चेंडू फेकणाऱ्याने) टाकलेला प्रत्येक चेंडू. ‘बॉल’ म्हणजे स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरच्या ठरलेल्या काल्पनिक चौकटीच्या) बाहेरून गेलेला आणि बॅटरने सोडून दिलेला चेंडू. आणि ‘स्ट्राइक’ हा फटका नव्हे, बॅटरच्या खात्यावर चढलेला दोष. म्हणून शब्दांची लांबलचक यादी पाठ करत बसू नका. मैदानावर जे सतत ओरडलं जातं, ते आधी शिका.

पहिल्या सामन्यात फक्त काउंट. अंपायर ‘टू अँड वन’ म्हणाला तर दोन बॉल, एक स्ट्राइक; बॉलचा आकडा नेहमी आधी. चार बॉल झाले की वॉक, म्हणजे बॅटरला फुकटात पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा). तीन स्ट्राइक झाले की आउट. ‘थ्री अँड टू’ला फुल काउंट म्हणतात. बॅट फिरवून चेंडू चुकवला, झोनमधला चेंडू सोडला किंवा फाउल (रेषेबाहेर गेलेला फटका) मारला, की स्ट्राइक. फाउलची मेख अशी की दोन स्ट्राइक असताना साधा फाउल मोजत नाहीत, बॅटर खेळत राहतो. बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता ठेवायला गेला आणि तो फाउल झाला, तर मात्र तिसरा स्ट्राइक धरतात.

झोनची रुंदी होम प्लेटएवढी (बॅटर जिच्याजवळ उभा राहतो ती पाटी), १७ इंच. उंची लिटल लीगमध्ये काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत. बाहेरचा चेंडू मुलाने शांतपणे सोडला की बाकावरून ‘गुड आय!’ ऐकू येतं, तेव्हा तुम्हीही तेच ओरडा. आपल्या तोंडी ‘अरे, मार ना!’ येतं, पण काउंट ‘थ्री अँड वन’ असताना वाईट चेंडूवर बॅट फिरवणं म्हणजे हातातला वॉक घालवणं. जोरदार फिरवून चुकला तर ‘गुड कट’.

फाउलच्या रेषा होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जातात. लेट कट, लेग ग्लान्स वगैरे सगळं इथे फाउल. पण उंच उडालेला फाउल झेलला तर बॅटर आउटच.

दुसऱ्या सामन्यात ‘फोर्स’ समजून घ्या. सर्वांत जास्त आरडाओरडा यावरूनच होतो. चेंडू जमिनीवरून मारला की बॅटरला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं. तिथे आधीच कुणी उभा असेल तर त्याला जागा रिकामी करून दुसऱ्याकडे जाणं भाग असतं. अशा सक्तीच्या धावेत फील्डरने चेंडू हातात ठेवून पुढच्या बेसला पाय लावला तरी पुरतं. सक्ती नसेल तर चेंडूसह रनरला (बेसवरून पळणाऱ्याला) स्पर्श, म्हणजे ‘टॅग’, करावा लागतो. रनर फक्त दुसऱ्या बेसवर असेल तर तिसऱ्यावर फोर्स नाही. तिथला छोटा फील्डर चेंडू घेऊन ऐटीत बेसवर उभा राहतो, रनर सुखरूप पोचतो आणि पालक अंपायरवर डाफरतात. ओळखायची खूण सोपी आहे: पिच पडण्याआधी पहिला बेस बघा. तो रिकामा असेल तर आधीपासून बेसवर असलेल्या कुणावरच सक्ती नाही.

‘टॅग अप’ हा वेगळाच शब्द. चेंडू हवेत झेलला गेला की रनरने आपला बेस झेलानंतर पुन्हा शिवल्याशिवाय पुढे जायचं नाही. तो परतण्याआधी चेंडू त्या बेसवर पोचला तर तोही आउट, म्हणजे एका झेलात दोन. क्रिकेटमध्ये चेंडू हवेत असताना धाव घ्यायची सवय असते, ती इथे नडते. दोन आउट असताना मात्र कोच ‘रन ऑन एनीथिंग’ ओरडतो, कारण झेल घेतला तर तिसरा आउट होऊन इनिंग तशीही संपणार.

पालकाने खरोखर तोंडपाठ ठेवावा असा शब्द म्हणजे पिच काउंट, मुलाने टाकलेल्या पिचची संख्या. लिटल लीगमध्ये दिवसाला ७-८ वर्षांच्या मुलाला ५०, ९-१० ला ७५ आणि ११-१२ ला ८५ पिच, एवढीच मुभा. २१ ते ३५ पिच झाल्या तर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ पासून पुढे चार. एका सामन्यात ४१ किंवा जास्त पिच टाकणाऱ्याला त्या दिवशी नंतर कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) होता येत नाही. मूल दुसऱ्या संघातूनही खेळत असेल तर दोन्हीकडचे आकडे वहीत तुम्हीच एकत्र मांडा. खांदा आणि कोपर एकच असतात.

खालच्या वयोगटांत नियम बदलतात, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला कोचला विचारा: एका इनिंगमध्ये धावांची मर्यादा आहे का, बेस चोरता (फटका बसलेला नसताना पुढच्या बेसकडे पळता) येतो का, कॅचरच्या हातून तिसरा स्ट्राइक सुटला तर बॅटरने पळायचं का.

खरेदीतही शब्द फसवतात. ग्लव्हवर ‘राइट हँड थ्रो’ लिहिलं असेल तर तो डाव्या हातात घालायचा. उजवा हात फेकायला मोकळा हवा. बॅटचा ‘ड्रॉप’ म्हणजे इंचातली लांबी वजा औंसातलं वजन: २८ इंच, १८ औंस, ड्रॉप १०. लिटल लीगसाठी बॅटवर ‘यूएसए बेसबॉल’चा शिक्का पाहून घ्या. तो नसलेली महागडी बॅट अंपायर सामन्याआधीच बाजूला ठेवायला लावेल.

स्कोअरबुकमध्ये जागांना आकडे असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्डचे ७, ८, ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो, तरी त्याचा आकडा ५ नव्हे, ६. इथे बहुतेक नवे लोक चुकतात. तेव्हा ‘६-४-३’ म्हणजे शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवर, तिथून पहिल्यावर, आणि दोन आउट.