कंपवाताच्या गोळ्यांची तुलना करताना या चुका टाळा

‘नव्या गोळीने बाबांना काहीच फरक नाही’ असं ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासा: गोळी किती वाजता, कशाबरोबर घेतली, आणि फरक कोणत्या लक्षणात शोधताय.

बहुतेक घरांत नजर थरथरीवरच असते. लेवोडोपा-कार्बिडोपा, म्हणजे सिंडोपा वगैरे, मुख्यतः मंदपणा आणि ताठरपणा कमी करते. थरथरीवरचा परिणाम माणसागणिक वेगळा. हात हलतोच म्हणून ती कुचकामी ठरवू नका. शर्टाची बटणं लावायला किती मिनिटं लागतात, खुर्चीतून एका झटक्यात उठता येतं का, ते बघा. बद्धकोष्ठ किंवा तोल जाणं यावर तिची फारशी मात्रा चालत नाही.

मग जेवण. लेवोडोपा मेंदूत शिरते ती प्रथिनांतल्या अमिनो आम्लांच्याच वाटेने. तिथे गर्दी झाली की ती मागे पडते. सकाळी आठला गोळी, लगेच शेव-शेंगदाण्याचे पोहे आणि ग्लासभर दूध. किंवा संध्याकाळच्या गोळीबरोबर दुधात शिजलेला भुट्ट्याचा किस. इंदुरी घरांत ‘आज गोळी लागलीच नाही’ याचं कारण अनेकदा ताटातच असतं. खाण्याआधी अर्धा तास किंवा खाल्ल्यावर तासाभराने गोळी द्या. सुरुवातीला मळमळत असेल तर सोबत एखादं साधं बिस्किट चालतं. लोहाची गोळी दोन तास लांब ठेवा. प्रथिनं मात्र बंद करू नका, वजन उतरतं. डाळ-पनीरचा मोठा वाटा रात्री वाढा. सीआर लिहिलेली, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी चुरू नका.

मळमळीसाठी मेडिकलवरून परस्पर गोळी आणणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. मळमळीच्या गोळ्यांतली मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन मेंदूतलं डोपामिन अडवतात, आणि लेवोडोपा भर घालते ती त्याचीच. ॲसिडिटीच्या कित्येक कॅप्सूलांत लेवोसल्पिराइड असतं, चक्करेच्या गोळीत सिनारिझिन; तीही तेच करतात. आजार अचानक बळावला असं वाटलं की आधी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, आणि ते पाकीट डॉक्टरांना दाखवा.

प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या कंपवाताच्याच दुसऱ्या गोळ्यांमुळे बसल्या बसल्या झोप लागते, पाय सुजतात, आणि काहींना खरेदीची, जुगाराची, खाण्याची अनावर ओढ लागते. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. स्वभाव नाही, औषध आहे. लाज न बाळगता सांगा. ट्रायहेक्सिफेनिडिल ही आणखी एक गोळी थरथरीला बरी, पण सत्तरीनंतर विस्मरण, गोंधळ, लघवी अडणं वाढवते. अमँटाडीन लेवोडोपाने येणारी वळवळ, म्हणजे अंगाची आपोआप होणारी हालचाल, कमी करते. तिची शेवटची मात्रा दुपारीच संपवा, नाहीतर रात्रीची झोप उडते.

दवाखान्यात भरती झाल्यावर गोळ्या एकदम बंद पडल्या तर तीव्र ताप, ताठरपणा, बेशुद्धी असं जिवावर बेतू शकतं. गोळ्यांचा डबा आणि वेळांचा कागद सोबत न्या. रासाजिलिन ही कंपवाताची गोळी चालू असेल तर ट्रामाडॉल किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं खोकल्याचं औषध घेण्याआधी ते सांगाच.

एका वेळी एकच औषध बदला, नाहीतर श्रेय कोणाचं ते कळणार नाही. तपासणीआधी सलग तीन दिवस दर अर्ध्या तासाला एक शब्द लिहा: चालू (गोळीचा असर आहे), बंद (असर उतरला), वळवळ किंवा झोप. गोळीच्या वेळेला गोल करा. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहून तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा 20 ने उतरला तर तोही लिहा. पुढच्या गोळीआधी ‘बंद’ येत असेल तर दोन गोळ्यांमधलं अंतर जास्त पडतंय. गोळीनंतर तास-दीड तासात ‘वळवळ’ येत असेल तर मात्रा जास्त होतेय. त्यावरून वेळा बदलण्याचं काम मात्र डॉक्टरांचं.