व्हर्दुनची वाटणी अभ्यासताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स असोत की यूट्यूबवरचे व्हिडिओ, ८४३ सालचा व्हर्दुनचा तह बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलेला असतो: फ्रँक सम्राट शार्लमेनचं साम्राज्य तीन मुलांत वाटलं गेलं आणि फ्रान्स, जर्मनी, इटली जन्माला आले. हे वाक्य पाठ केलं की पुढचं सगळं चुकत जातं. मुळात ही भावाभावांतली वाटणी होती. कोण कधी मेलं, कोणाला मुलगा झाला आणि कोणाचा हक्क डावलला गेला, यावर तिचा सगळा हिशेब चालतो.

आधी वंशावळ कागदावर काढा

पहिली चूक पिढीची. शार्लमेनने मुलांसाठी वाटणी आखली होती हे खरं, पण ती ८०६ साली, आणि ती कधी अमलात आलीच नाही. तीन वारसांपैकी पेपिन ८१० मध्ये आणि थोरला चार्ल्स ८११ मध्ये वारला. ८१४ साली शार्लमेन गेला तेव्हा त्या तिघांतला एकटा लुई उरला होता. साम्राज्य अखंड राहिलं ते या मृत्यूंमुळे. 'आधी एकसंध राज्य, मग ऱ्हास म्हणून फाळणी' अशी मांडणी म्हणूनच करू नका. वारसांत राज्य वाटण्याची फ्रँक राजघराण्यांची रीत जुनी होती. आधीचा फ्रँक राजा क्लोव्हिस याच्या मृत्यूनंतर ५११ मध्ये चार मुलांनी राज्य वाटून घेतलं, आणि ७६८ मध्ये खुद्द शार्लमेनलाही धाकट्या भावाबरोबर अर्ध्या वाट्यावरच समाधान मानावं लागलं होतं.

८४३ चे वारस हे शार्लमेनचे नातू, म्हणजे 'लुई द पायस'चे मुलगे. ८१७ मध्ये लुईने आपल्या पश्चात काय व्हावं ते ठरवून टाकलं: थोरला लोथार सहसम्राट, पेपिनला अॅक्विटेन, धाकट्या लुईला बव्हेरिया. पुढच्याच वर्षी राणी एर्मेंगार्ड वारली. लुईने ज्युडिथशी लग्न केलं आणि ८२३ मध्ये चार्ल्स झाला. या सावत्र भावासाठी बाप ठरलेल्या वाटण्या मोडू लागला आणि तिथून भाऊबंदकी पेटली. ८३३ मध्ये मुलांनी बापाला पदच्युत केलं, ८३४ मध्ये तो परत गादीवर आला.

इथे चौथा वारस हमखास गळतो. अॅक्विटेनचा पेपिन ८३८ मध्ये वारला. त्याचा मुलगा दुसरा पेपिन. बापाच्या पश्चात भावाभावांत ८४१ मध्ये झालेल्या फाँतनुआच्या लढाईत हा दुसरा पेपिन लोथारच्या बाजूने लढला, पण व्हर्दुनला त्याच्या पदरात काहीच पडलं नाही. अॅक्विटेन धाकट्या काकाच्या, म्हणजे पश्चिमेचा वाटा मिळालेल्या चार्ल्सच्या हाती गेलं. त्यानंतर पुतण्या वर्षानुवर्षं झगडत राहिला. 'तीन वारस' लिहाल तेव्हा त्यालाही एक ओळ द्या, नाहीतर चार्ल्सला पश्चिमेत इतका त्रास का झाला ते कळणारच नाही.

राष्ट्रं शोधू नका

फ्रान्स-जर्मनीच्या जन्माचा पुरावा म्हणून स्ट्रासबुर्गच्या शपथा पुढे केल्या जातात. १४ फेब्रुवारी ८४२ ला बव्हेरियाचा लुई आणि त्याचा सावत्र भाऊ चार्ल्स यांनी लोथारविरुद्ध एकजूट जाहीर केली. 'प्रत्येकाने आपापल्या भाषेत शपथ घेतली' असं बिनदिक्कत लिहिलं जातं. झालं नेमकं उलटं. पूर्वेच्या लुईने रोमान्स भाषेत (फ्रेंचच्या पूर्वज बोलीत) शपथ घेतली आणि पश्चिमेच्या चार्ल्सने जर्मन बोलीत, म्हणजे समोरच्या भावाच्या सैनिकांना ती समजावी. मग दोन्हीकडच्या सैनिकांनी स्वतःच्या भाषेत शपथ घेतली: आपल्या धन्याने वचन मोडलं तर आपण त्याला साथ देणार नाही. भावांचा एकमेकांवर विश्वास नव्हता, म्हणून जामीन राहिले ते सैनिक. हे सगळं नोंदवणारा निथार्ड हाही शार्लमेनचाच नातू, मुलीकडून.

वाटण्या करायला तिन्ही भावांचे सरदार बसले तेव्हा हिशेब होता तो राजाच्या खाजगी जमिनी, मठ, बिशपांची शहरं आणि आपल्या माणसांना देता येतील अशा जहागिरींचा. लुईचा वाटा ऱ्हाइनच्या पूर्वेचा, तरी पश्चिम काठावरची माइन्झ, वर्म्स आणि श्पायर त्याला मिळाली. प्र्यूमच्या मठातला इतिहासकार रेगिनो याने पुढे याचं कारण दिलं ते द्राक्षमद्याची मुबलकता! भाषेची सीमा त्यात कुठेच नाही. तहाचं मूळ पत्रही आज उपलब्ध नाही. आपल्याला तो कळतो तो वार्षिक वृत्तांतांतून. 'तहाच्या अमुक कलमानुसार' असं वाक्य दिसलं तर ते सरळ खोडा.

लोथारच्या वाट्याला दुबळं म्हणू नका

नकाशावर ती उत्तर समुद्रापासून इटलीपर्यंतची लांब पट्टी पाहून 'हे टिकणारच नव्हतं' असं म्हणणं सोपं आहे. पण थोरल्याने सम्राटपद राखलं होतं आणि शार्लमेनची राजधानी आखेन व रोम ही दोन्ही त्याच्याकडे होती. त्या काळच्या माणसाला हा मानाचा वाटा वाटला असणार.

पट्टी तुटली ती वारसांपायी. ८५५ मध्ये लोथार वारला आणि तिचे तीन तुकडे झाले. उत्तरेचा तुकडा दुसऱ्या लोथारला मिळाला. त्याला राणी थॉइटबेर्गाला सोडून वाल्ड्राडाशी लग्न करायचं होतं, कारण मुलगा वाल्ड्राडापासून होता. राणीवर घाणेरडे आरोप झाले. ८५८ मध्ये तिच्या वतीने एकाने उकळत्या पाण्याचं दिव्य केलं आणि तो न भाजता बाहेर आला. राजाने तरी हट्ट सोडला नाही. पुढे पोप पहिला निकोलस आडवा आला. ८६९ मध्ये लोथार इटलीत वारला तेव्हा त्याला औरस वारस नव्हता, आणि त्याचा भाऊ सम्राट लुई दक्षिण इटलीत लढाईत गुंतलेला. लुई आणि चार्ल्स या दोन्ही काकांनी ८७० मध्ये मेर्सेनला ते राज्य वाटून घेतलं.

नकाशा तपासून घ्या

मेर्सेनचा नकाशा व्हर्दुनचा म्हणून छापलेला बऱ्याचदा आढळतो. ओळखायचं तर आखेन शोधा. ते मधल्या रंगात असेल तर नकाशा ८४३ चा. आल्प्सच्या उत्तरेला फक्त पूर्व-पश्चिम अशी दोनच मोठी राज्यं असतील आणि आखेन पूर्वेकडे असेल, तर तो ८७० नंतरचा. मेर्सेनची रेषाही दहाच वर्षं टिकली: ८८० मध्ये लोथारिंगियाचा, म्हणजे दुसऱ्या लोथारच्या राज्याचा, चार्ल्सच्या वाट्याला आलेला भागही पूर्वेकडे गेला. ८८४ मध्ये पूर्वेच्या लुईचा मुलगा 'जाड्या' चार्ल्स याच्या हाती जवळजवळ सगळं पुन्हा एकत्र आलं. ८८७ मध्ये त्याला पदच्युत केलं गेलं, आणि मग पॅरिसचा ओडो, फ्रिउलीचा बेरेंगार असे करोलिंगियन (शार्लमेनच्या घराण्याच्या) पितृवंशाबाहेरचे राजेही गादीवर आले. उत्तरात शेवटचं साल लिहायचं असेल तर ते ८८८ लिहा.