मालगाडीचं इंजिन लागलं, आता घरी किती वाजता पोचणार?

नागपूर–वर्धा अप-डाऊन करून मला चौदा वर्षं झाली. बाबा नागपुरात अजनीच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते, म्हणून इंजिनाचा नंबर वाचायची सवय लहानपणापासूनची. गाडीचं इंजिन फेल होऊन मालगाडीचं जोडलं की डब्यात ओरड होते, "आता रात्र होते बघा!" तसं होत नाही, आणि किती उशीर होईल ते आपलं आपल्याला काढता येतं.

आधी इंजिनाच्या अंगावरची अक्षरं वाचा. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे वरच्या तारेतला एसी करंट (डब्यातला एसी नव्हे), पी म्हणजे प्रवासी, जी म्हणजे माल. रंगावर जाऊ नका. डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ ही सख्खी भावंडं, दुरून सारखीच दिसतात. पाच आकडी नंबर ३० ने सुरू झाला तर पहिलं, ३१ किंवा ३२ ने सुरू झाला तर दुसरं. खरा फरक गिअरचा. पी ताशी १४० किलोमीटरपर्यंत पळू शकतं, जी १०० पर्यंत. ओढायला मात्र जी जास्त दणकट.

आता हिशेब. १३० ने जाणाऱ्या गाडीला शंभर किलोमीटरला ४६ मिनिटं लागतात, १०० ने ६०. म्हणजे शंभर किलोमीटरमागे जेमतेम पाव तास. जुन्या निळ्या डब्यांची गाडी ११० ची असेल तर पाच-सहा मिनिटंच. खरा वेळ जातो तो इंजिनाची वाट बघण्यात.

मागच्या मे महिन्यात वर्ध्याहून परतताना सिंदी स्टेशन सोडल्यावर आमची गाडी थांबली. एसी बंद, समोरच्या आजींनी दुपट्टा ओला करून डोक्यावर घेतला. पुढच्या बोरखेडी स्टेशनात उभ्या असलेल्या मालगाडीचं इंजिन कापून आमच्याकडे आणलं. आधी धक्का बसला. तेव्हा हातात गरम चहा नको आणि दारात उभं राहायचं नाही. मग बराच वेळ शांतता, कारण खाली हवेचे पाइप जोडतात. मग डब्याखालून फुस्स आवाज. ब्रेकच्या पाइपात हवा भरते आहे, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलत नाही. हा आवाज आला की घरी फोन करा, त्याआधी वेळ सांगू नका. उभं राहण्यात आमची पन्नास मिनिटं गेली, पुढे चालण्यात फार तर पाच-सहा.

एसीचंही सांगते. एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या डब्यांच्या गाडीला हल्ली वीज इंजिनातूनच मिळते. मालगाडीच्या इंजिनात ती सोय सहसा नसते, मग टोकाच्या पॉवर कारचं जनरेटर चालू करावं लागतं. मधली काही मिनिटं डबा गरम होणारच. गाडी हलल्यावरही गार झालं नाही तर कोच अटेंडंटला सांगा, किंवा १३९ वर कळवा.

आणि कंटाळा आला म्हणून रुळांवर उतरू नका, शेजारच्या लाइनवर गाड्या सुरूच असतात. बंद पडलेलं इंजिन सोडायला गाडी पुढच्या स्टेशनात थांबू शकते. आमची बोरखेडीला तशीच थांबली, आजींनी तिथे बाटली भरून घेतली आणि नागपूरपर्यंत डोक्यावरचा दुपट्टा ओला ठेवला.