बहुस्तरीय बेझियन मॉडेल अडलं, तर आधी काय तपासावं?

मे महिना आला की पुण्यात प्रबंध आणि प्रकल्प अहवालांची घाई सुरू होते, आणि त्याच सुमारास माझ्याकडे लॅपटॉप घेऊन येणारी मुलंही वाढतात. बहुतेकांची तक्रार एकच असते: बहुस्तरीय बेझियन मॉडेल (गटांत गट असलेल्या डेटासाठी, आधीचा अंदाज आणि डेटा एकत्र जोडणारं) रात्रभर चाललं, सकाळी इशाऱ्यांची रांग दिसली, आता काय करू? एक उपाय करूनही झालेला असतो. आवर्तनं (नमुने काढण्याच्या फेऱ्या) २,००० वरून २०,००० केलेली असतात आणि इशारे जागच्या जागी असतात.

संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेल्मन यांनी या बाबतीत एक 'लोकप्रमेय' मांडलं आहे: आकडेमोड अडत असेल, तर बहुधा मॉडेलमध्येच काहीतरी चुकलेलं असतं. माझा अनुभव तंतोतंत हाच आहे. म्हणून खालच्या क्रमात सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज मुद्दाम उशिरा येतात.

उदाहरण सगळीकडे एकच ठेवतो. पुणे जिल्ह्यातल्या विहिरींची उन्हाळ्यातली पाणीपातळी, म्हणजे जमिनीपासून पाणी किती मीटर खाली आहे. विहिरी गावांत आणि गावं तालुक्यांत. पुणे शहर सोडलं तर तालुके १३. सोबत आदल्या पावसाळ्यातला पाऊस. उदाहरण समजावण्यापुरतं रचलेलं आहे, पण यातल्या चुका मी खऱ्या फायलींमध्ये पाहिल्या आहेत. अशी मॉडेल्स चालवणारं सॉफ्टवेअर म्हणून स्टॅन (Stan) किंवा त्यावर चालणारं बीआरएमएस (brms) धरलं आहे. पायएमसी (PyMC) हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही जवळपास सगळं लागू पडेल.

पायरी १: इशारा उतरवून घ्या

पुन्हा 'रन' दाबण्याआधी प्रत्येक इशारा फाइलमध्ये साठवा आणि रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक) ठरवून टाका, म्हणजे उद्या तीच अडचण पुन्हा समोर आणता येईल. सगळे इशारे सारखे गंभीर नसतात. ट्रीडेप्थचा इशारा, म्हणजे एकेका नमुन्यासाठी सॉफ्टवेअरला फार पावलं टाकावी लागल्याचा, मुख्यतः वेळ वाया जात असल्याचं सांगतो. डायव्हर्जन्सचा इशारा, म्हणजे पाऊल वाट चुकल्याचा, मात्र उत्तरच चुकीचं असू शकतं असं सांगतो. दोघांवर एकच औषध चालत नाही.

पायरी २: गटांची नावं मोजा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात. प्रत्येक गावापुढे किती विहिरी आहेत याचा तक्ता काढा आणि तो डोळ्यांनी वाचा.

आपल्या जिल्ह्यात वडगाव किती आहेत बघा: वडगाव मावळ, वडगाव बुद्रुक, शिरूर तालुक्यातलं वडगाव रासाई, बारामतीतलं वडगाव निंबाळकर. नोंद करणाऱ्याने सगळीकडे नुसतं 'वडगाव' लिहिलं असेल, तर मॉडेलच्या लेखी ते एकच गाव होतं, आणि मावळातली पावसाळी विहीर बारामतीच्या विहिरीच्या शेजारी जाऊन बसते. उपाय सोपा आहे. गावाचा गट 'तालुका आणि गाव' या जोडीवरून बनवा, नुसत्या नावावरून नको. शक्य असेल तर जनगणनेचा गाव-कोड वापरा.

याची उलट बाजूही असते. 'बुद्रुक', 'बु.' आणि 'बु' अशा तीन तऱ्हांनी लिहिलेलं एक गाव तीन गट बनून बसतं. खुर्दचं तेच.

त्याच तक्त्यात एकच विहीर असलेली गावं किती, तेही मोजा. काही गावांत एकच विहीर असली तरी बिघडत नाही. पण जवळजवळ प्रत्येक गावात एकच विहीर असेल, तर गावागावांतला फरक कुठे संपतो आणि विहिरीविहिरींतला फरक कुठे सुरू होतो, हे त्या डेटातून कळूच शकत नाही. मॉडेल या दोन विचलनांमध्ये (फरकांच्या मापांमध्ये) हेलकावे खात राहतं. अशा वेळी गावाचा स्तर काढून टाकणं हाच प्रामाणिक मार्ग आहे.

पायरी ३: एककं आणि आकड्यांचा आवाका

पाणीपातळीचा आलेख काढा. एखाद्या तालुक्याचे आकडे बाकीच्यांच्या तिपटीहून थोडे जास्त वाटले, तर तिथे मीटरऐवजी फुटांत मोजलं असावं. मॉडेल अशा तालुक्याला तालुक्याचं वैशिष्ट्य समजतं, आणि तालुक्यांचं विचलन एका चुकीपायी फुगतं.

पाऊस मिलिमीटरमध्ये असेल तर आकडे शेकड्यांपासून हजारांपर्यंत जातात, तर त्याचा गुणक (पाऊस एका एककाने बदलला तर पातळी किती बदलते तो आकडा) दशांशात राहतो. सॅम्पलरला, म्हणजे पावलापावलाने नमुने गोळा करणाऱ्या यंत्रणेला, असा ताणलेला आकार त्रासाचा जातो. पावसातून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागा. ट्रीडेप्थचे इशारे पुष्कळदा एवढ्यानेच जातात.

पायरी ४: डेटा न दाखवता मॉडेलला बोलू द्या

प्रायर, म्हणजे डेटा बघण्याआधीचा अंदाज, ठरवताना 'काहीच गृहीत धरायचं नाही' म्हणून लोक गुणकाला ० सरासरी आणि १०० प्रमाण विचलन देतात. आता डेटा बाजूला ठेवून फक्त प्रायरमधून विहिरी निर्माण करून बघा. बीआरएमएसमध्ये त्यासाठी 'सॅम्पल प्रायर' हा पर्याय 'ओन्ली' असा द्यायचा. पाणी जमिनीखाली २०० मीटरवर किंवा जमिनीच्या १५० मीटर वर असलेल्या विहिरी दिसतील. आपल्या काळ्या पाषाणातल्या खोदलेल्या विहिरी साधारण दहा-पंधरा मीटर खोल. म्हणजे तो प्रायर तटस्थ नव्हता, तो अशक्य गोष्टींवर वजन टाकत होता.

विचलनाच्या प्रायरकडे जास्त लक्ष द्या. बग्स आणि जॅग्स या सॉफ्टवेअरच्या जुन्या उदाहरणांतून इन्व्हर्स-गॅमा वितरणाचा, ०.००१ आणि ०.००१ आकड्यांचा, प्रायर अजूनही उतरवला जातो. विचलन शून्याजवळ असेल तर उत्तर या प्रायरवर फार अवलंबून राहतं, हे गेल्मन यांनी २००६ सालीच दाखवलं. गट १३ च असताना तर ते जपायलाच हवं. मी इथे अर्ध-नॉर्मल (नॉर्मल वितरणाचा फक्त शून्याच्या वरचा भाग), ३ मीटर प्रमाण विचलनाचा, घेईन. त्याचा अर्थ शब्दांत सांगता येतो: तालुक्यांच्या सरासऱ्यांमधलं विचलन बहुधा ६ मीटरच्या आत असेल. प्रायरचा अर्थ असा एका वाक्यात सांगता येत नसेल, तर तो अजून ठरलेला नाही असं समजा.

प्रायर म्हणजे परकी, मनमानी कल्पना असं आपल्याकडे अजून ऐकू येतं, तेव्हा मला वसंत शंकर हुजूरबाजार आठवतात. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग ज्यांनी घडवला ते हुजूरबाजार केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी होते, आणि प्रायरच्या प्रश्नाशी जेफ्रीज यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. या विषयाशी पुण्याचा संबंध जुना आहे.

पायरी ५: मॉडेल उतरवा आणि एकेक मजला चढवा

आधी गटांशिवाय फक्त पाऊस. मग तालुका. मग गाव. पावसाचा परिणाम तालुक्यागणिक बदलू द्यायचा असेल तर तो सगळ्यात शेवटी. या टप्प्यावर चार चेन (स्वतंत्र चालणाऱ्या नमुन्यांच्या मालिका) आणि ५०० आवर्तनं पुरतात, कारण अडचण कुठल्या मजल्यावर येते एवढंच बघायचं आहे. तालुक्यांना साधे गुणकही दिले आणि तालुक्याचा गट-स्तरही ठेवला, अशी दुहेरी नोंद इथे लगेच सापडते.

एलएमई४ (lme4) या बेझियन नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तेच मॉडेल चालवून बघणंही उपयोगी आहे. तिथे 'सिंग्युलर फिट' आलं, तर एखादं विचलन शून्यावर टेकलं आहे किंवा दोन परिणामांमधला सहसंबंध टोकाला गेला आहे, हा सुगावा मिळतो.

पायरी ६: चेन एकमेकींशी जुळतात का?

आर-हॅट, म्हणजे चेन एकमेकींशी किती जुळतात याचं माप, ही कल्पना गेल्मन आणि रुबिन यांची, १९९२ सालची. आकी वेहतारी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती मांडली, आणि आता मर्यादा १.०१ धरतात. जुन्या टिपणांतला १.१ विसरा. प्रभावी नमुनासंख्या, म्हणजे ईएसएस (किती स्वतंत्र नमुन्यांइतकी माहिती मिळाली ते), चार चेन मिळून निदान ४०० हवी, आणि ती वितरणाच्या शेपटांसाठीही तपासा. फक्त ईएसएस थोडी कमी असेल आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तेव्हा आवर्तनं वाढवणं योग्य आहे.

पायरी ७: डायव्हर्जन्स आणि नरसाळं

स्टॅनचा सॅम्पलर वॉर्म-अपमध्ये (सुरुवातीच्या सरावाच्या आवर्तनांत) पावलाची लांबी ठरवतो आणि नंतर ती बदलत नाही. एक्सप्रेस वेवर बेतलेला वेग ताम्हिणीच्या वळणावरही तसाच ठेवल्यासारखं हे आहे. गावांचं विचलन मोठं असतं तिथे गावांचे परिणाम ऐसपैस पसरतात; विचलन शून्याकडे गेलं की सगळे परिणाम शून्याभोवती दाटतात. वर रुंद, खाली अरुंद, असं हे नरसाळं रॅडफोर्ड नील यांच्या २००३ च्या उदाहरणामुळे त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. लांब पाऊल त्या मानेत शिरू शकत नाही आणि डायव्हर्जन्सची नोंद होते.

परिणाम नीट समजून घ्या. मानेतला भाग हुकला म्हणजे लहान विचलनाच्या शक्यता मोजल्याच गेल्या नाहीत. तुमचा अहवाल म्हणेल की गावागावांत खूप फरक आहे, आणि तो फरक खरा नसेल. म्हणून ४,००० नमुन्यांत पाचच डायव्हर्जन्स असले तरी मी ते सोडत नाही.

प्रथम चित्र काढा: एका अक्षावर विचलनाचा लॉग, दुसऱ्यावर कमी विहिरी असलेल्या एखाद्या गावाचा परिणाम. डायव्हर्जन्सचे ठिपके खालच्या टोकाशी गोळा झाले असतील तर निदान पक्कं. उपाय म्हणजे मॉडेल वेगळ्या तऱ्हेने लिहिणं: गावाचा परिणाम थेट न काढता, ० सरासरी आणि १ विचलनाचा एक आकडा काढायचा आणि त्याला गावांच्या विचलनाने गुणायचं. गणित तेच राहतं, पण सॅम्पलरसमोरचा आकार सरळ होतो. यालाच नॉन-सेंटर्ड मांडणी म्हणतात. बीआरएमएस हे आपणहून करतं. हाताने स्टॅन लिहिणाऱ्यांनी स्वतः करायचं. मात्र प्रत्येक गटात भरपूर डेटा असेल तेव्हा जुनी, सेंटर्ड मांडणीच चांगली चालते. तालुक्यांसाठी एक आणि गावांसाठी दुसरी असंही चालेल.

एवढं झाल्यावर 'ॲडाप्ट डेल्टा' ०.८ वरून ०.९५, गरज पडली तर ०.९९ करा. त्याने पाऊल लहान होतं आणि वेळ वाढतो. ०.९९ वरही डायव्हर्जन्स राहिले तर पुढचे नऊ चढवत बसू नका. पायरी २ आणि ४ कडे परत या.

जॅग्स वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: तिथे डायव्हर्जन्सचा इशारा मुळातच नसतो. त्याच नरसाळ्यात चेन मुकाट्याने अडकते, म्हणून ट्रेस प्लॉट (चेनच्या वाटचालीचा आलेख) आणि ईएसएस जास्त बारकाईने बघा.

पायरी ८: उत्तर माहीत असलेला डेटा

पावसाचा गुणक, तालुक्यांचं विचलन, गावांचं विचलन स्वतः ठरवा, त्यावरून तेवढ्याच विहिरींचा कृत्रिम डेटा बनवा आणि मॉडेलला द्या. ठरवलेले आकडे परत मिळाले नाहीत, तर दोष कोडमध्ये आहे किंवा एवढ्या डेटात ते कळण्यासारखंच नाही. शनिवारची एक दुपार यात जाते आणि महिन्याचा मनस्ताप वाचतो.

पायरी ९: इशारे गेले, आता नकाशा बघा

स्वच्छ चाललेलं मॉडेलही चुकीचं असू शकतं. पोस्टिरियरमधून, म्हणजे डेटा बघितल्यानंतरच्या अंदाजातून, नव्या विहिरी निर्माण करून त्यांची खऱ्यांशी तालुकावार तुलना करा. मुळशी, मावळ, भोर घाटमाथ्याला लागून. दौंड, इंदापूर, बारामती पर्जन्यछायेत. बहुस्तरीय मॉडेल सगळ्या तालुक्यांना एकाच सरासरीकडे ओढतं, आणि ती सरासरी ना मुळशीची असते ना इंदापूरची. अंदाज एका बाजूला सतत जास्त आणि दुसऱ्या बाजूला सतत कमी येत असतील, तर घाटमाथ्यापासूनचं अंतर किंवा कालव्याचं पाणी असं तालुक्याच्या पातळीवरचं कारण मॉडेलमध्ये आणा. मग उरलेल्या फरकापुरतीच ही ओढ राहते.

इतकं करूनही अडलात आणि कुणाला विचारायचं ठरवलंत, तर इतक्या गोष्टी सोबत द्या: सूत्र, सगळे प्रायर, प्रत्येक स्तरावरच्या गटांची संख्या, इशाऱ्यांचा पूर्ण मजकूर, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आणि खरा डेटा देता येत नसेल तर पायरी ८ मधला कृत्रिम डेटा. प्रबंधाच्या परिशिष्टातही हेच लिहा, शिवाय सगळ्यात मोठा आर-हॅट, सगळ्यात लहान ईएसएस आणि डायव्हर्जन्सची संख्या.